सुनेने मोजलेले सासऱ्यांचे पान

माझ्या समोरच्या घरातली सून तशी विश्वासू मनाची आहे. भाजीवाला ताजी आहे म्हणाला की ती घेते, डॉक्टर काही नाही म्हणाले की ती घरी येते. फक्त कोणी ‘मी सगळं वाचलं’ म्हटले की तिच्या भुवया वर जातात. मुद्दाम नाही करत ती. तो तिच्या कामाचा परिणाम आहे, जसे पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचे डोळे बोलता बोलता आपल्या बाहीच्या शिवणीकडे जातात.

इमारतीत तिला सगळे आकडेबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ती ओ देते.

आमची ओळख झाली ती अशाच भुवयांवरून. सहा वर्षांपूर्वी, हे लोक नुकतेच राहायला आले होते तेव्हा, ती गच्चीची किल्ली मागायला माझ्याकडे आली. माझ्या मांडीवर मासिक होते.

“कसा आहे लेख, काकू?”

“छान आहे. आत्ताच वाचून संपवला.”

“शेवट काय केलाय?”

मी सुरुवातीविषयी बोलू लागले. तिने शांतपणे ऐकून घेतले, मग मासिकाकडे बोट दाखवून म्हणाली, “पुढची दोन पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, काकू.” शाळेत कविता पाठ नसताना सिस्टरांनी उभे केले होते, त्यानंतर साठ वर्षांनी मी पुन्हा तशी लाल झाले. किल्ली दिली, आणि त्या दिवसापासून तिला अगं-तुगं करू लागले. जिने आपल्याला पकडले तिच्याशी परकेपणा ठेवून काय उपयोग?

तिचे काम एका वेबसाइटच्या कचेरीत आहे. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चौदा माणसे, आणि चहाचा एकच चमचा, तो दोरीने बांधलेला. ही वेबसाइट घरासाठी उपयोगी मजकूर छापते. म्हणजे छापत नाही, चढवते. स्वयंपाक, औषधपाणी, मुलांचा अभ्यास, केस गळणे, असली वेगवेगळी पाने. लिहिणारे लिहितात. आकडेबाई लिहीत नाही. लिहिलेले कितीजणांनी उघडले, उघडून किती वेळ थांबले, कुठपर्यंत खाली गेले आणि किती जणांनी ते दुसऱ्याला पाठवले, एवढे ती मोजते, आणि दर सोमवारी सकाळी दहा वाजता एक तक्ता संपादकबाईंच्या टेबलावर ठेवते. तक्त्यात सगळ्यात वर असलेला लेखक त्या दिवशी चहाचा चमचा पहिल्यांदा घेतो, असे तिने मला गंभीरपणे सांगितले आहे.

“पण तुला कसं कळतं कोण कुठपर्यंत वाचतंय?” मी विचारले होते.

“जिन्यावरून कोणी वर जात असलं की तुम्हाला कळतं ना, कितव्या पायरीवर आहे ते? तसंच. फक्त माझा जिना वरून खाली जातो.”

“आणि बहुतेक लोक कुठं थांबतात?”

“दारातच, काकू. चपलासुद्धा काढत नाहीत.”

असले काम दिवसभर केल्यावर ते घरी आणले नाही तरच नवल. पाहुणे लग्नाचा अल्बम सोळा फोटोंपर्यंत नीट बघतात आणि मग दोन-दोन पाने उलटतात, हे तिने तीन लग्नांत बसून मोजले, आणि स्वतःच्या लग्नाचा अल्बम सोळा फोटोंचा केला. नवऱ्याच्या आत्याबाईंचा फोटो सतरावा होता. त्या अजून बोलत नाहीत.

नवरा गरीब स्वभावाचा आहे. दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवतो. बायकोच्या कामावर त्याचे एकच मत आहे आणि ते तो वर्षातून तीन-चार वेळा मांडतो: “मी केलेले दात माणूस वीस वर्षं वापरतो. कोणाला पुढे पाठवत नाही. म्हणून काय ते वाईट?” आकडेबाई यावर नुसते हसायची. तिला तेव्हा वाटायचे, हा विनोद आहे.

घरात तिसरे माणूस म्हणजे सासरे. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात. चाळीस वर्षे त्यांचे दुरुस्तीचे दुकान होते. पंखे, इस्त्र्या, मिक्सर, शिवणयंत्रे, कुलपे, जे बिघडेल ते. गुडघे गेले तेव्हा दुकान गेले. त्यानंतरची दीड वर्षे मी पाहिली आहेत. दाराशी खुर्ची, पायांत बूट, लेससुद्धा बांधलेल्या, आणि जायचे कुठेच नाही. मधूनच उठून घरातली एखादी वस्तू दुरुस्त करायचे. बिघडलेल्या वस्तू आठ दिवसांत संपल्या. मग त्यांनी चांगल्या वस्तूंना हात घातला. सुनेची इस्त्री त्यांनी तीनदा सुधारली, आणि तिसऱ्यांदा सुधारल्यावर ती थंडच राहू लागली.

त्या थंड इस्त्रीतून पुढचे सगळे घडले. आकडेबाईने सुरकुतलेल्या कपड्यांत कचेरीत जाऊन संपादकबाईंना सांगितले, की माझ्या घरात एक माणूस आहे, त्याच्याकडून लिहून घेऊ या. भाऊजी लिहू लागले. पानाचे नाव त्यांनीच ठेवले: ‘आधी प्लग काढा’. ते कागदावर लिहायचे, सून टाइप करायची, आणि दर गुरुवारी एक लेख चढायचा. त्यांची भाषा दुकानातली होती. “मागच्या झाकणाचे चार स्क्रू काढा. वाटीत ठेवा. वाटीत म्हणजे वाटीत, जमिनीवर नाही.” “आता जोर लावावासा वाटेल. लावू नका.” एका लेखात सातवी पायरी फक्त एवढीच होती: “चहा प्या. राग आला असेल.”

पहिला लेख चढला त्या दिवशी भाऊजी सकाळी सहाला उठले, दाढी केली आणि घरात चपला घातल्या. बूट कपाटात गेले. तेव्हापासून दर सोमवारी संध्याकाळी सून दारात शिरली की त्यांचा एकच प्रश्न.

“सूनबाई, किती?”

“बाबा, मोजणी चालू आहे.”

“सहा महिने चालूच आहे? माझ्या दुकानात शटर उघडेपर्यंत मला कळायचं किती आले ते.”

ती हसून स्वयंपाकघरात जायची. मोजणी झालेली असायची. ती सांगण्यासारखी नव्हती, इतकेच.

मला तिने हे सांगितले ते जिन्यात, दोन मजल्यांच्या मध्ये, भाज्यांची पिशवी हातात असताना. तक्त्यात एकूण तेवीस पाने असायची. भाऊजींचे तेविसावे. केस गळण्याच्या पानाला आठवड्याला नऊ हजार माणसे यायची, ‘आधी प्लग काढा’ला चाळीस-बेचाळीस. थांबायची दोन-अडीच मिनिटे, पाव लेखापर्यंत जायची, आणि पुढे पाठवणारे शून्य. दर आठवड्याला शून्य.

“मग?”

“मग नियम आहे, काकू. नव्या पानाला पहिले चार महिने सूट, त्यानंतर जे पान सलग तीन महिने तळाला राहील ते बंद. बाबांच्या पानाला पाच आठवडे उरलेत.”

“हा कसला मेला नियम? कोणी काढला?”

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“मी.”

दोन वर्षांपूर्वी तिनेच तो लिहून दिला होता, आणि त्या नियमाखाली गेलेल्या तीन पानांच्या लेखकांना तिनेच समोर बसवून आकडे दाखवले होते. एक बाई तर रडल्या होत्या. आता सासऱ्यांची पाळी आली म्हणून नियम कसा बदलायचा?

“आणि बाबांना काय सांगू?” ती म्हणाली. “ते परत बूट घालून बसतील हो.”

मी म्हातारी बाई. मला यातला उपाय लगेच दिसला, आणि तो जगातला सर्वांत सोपा उपाय वाटला. माणसे कमी पडतात ना? आमच्या इमारतीत अकरा घरे आहेत.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. घरोघर जाऊन सांगितले, रोज सकाळी अकरा वाजता पान उघडायचे, तळापर्यंत जायचे आणि ते पुढे पाठवायचे बटण दाबायचे. कारण सांगितले नाही. भाऊजींना कळता कामा नये एवढेच सांगितले. लोक तयार झाले. भाऊजींनी कोणाचे काय दुरुस्त केले नव्हते? शिंपीणबाईंनी तर एका दिवसात पंख्याचा लेख बेचाळीस वेळा पुढे पाठवला, सगळ्या वेळा आपल्याच नवऱ्याला, जो त्याच खोलीत गुंड्या लावत बसला होता. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राचार्य दोन फोनांवरून हजेरी लावत, एक चष्मा लावून, एक चष्म्याशिवाय. मी रोज हजेरी वहीत टिपून ठेवत होते.

सोमवार आला. संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात आकडेबाई, हातात कागद.

“काकू, एक विचारू?”

“विचार की.”

“गेला आठवडाभर आपल्या इमारतीच्या वाय-फायवरून रोज अकरा ते सव्वाअकरा बारा माणसं हे पान उघडतात. बाबांचे अकराशे शब्द ती चार सेकंदांत वाचतात. अकराशे. चार सेकंदांत.”

“हुशार माणसं आहेत इमारतीत,” मी म्हणाले.

“आणि एका गृहस्थांना पंख्याचा एकच लेख बेचाळीस वेळा गेलाय. त्यांच्याकडे पंखे किती असतील, काकू?”

मग मात्र मला हसू आवरेना, आणि तिलाही. आम्ही दोघी दारातच हसत उभ्या राहिलो. पण हसून झाल्यावर ती म्हणाली, “सगळं काढून टाकलं मी. आणि आता आपली अख्खी इमारतच मोजणीतून वगळावी लागली. त्यात तुम्ही पाच-सहा जण खरंच वाचणारे होतात, तेही गेले.”

“म्हणजे आता किती?”

“पस्तीस.”

मदत करायला गेलेल्या माणसाने आणखी काय करायचे बाकी ठेवले असते? मी त्याच संध्याकाळी पुन्हा अकरा घरी जाऊन सगळ्यांना थांबवले. शिंपीणबाईंना वाईट वाटले. त्यांचा वेग नुकताच वाढला होता.

पण आमच्या उपद्व्यापातून एक गोष्ट झाली, ती मात्र मी हक्काने सांगते. एरवी आकडेबाई पानाची सरासरी बघायची. नऊ हजार माणसे एकेक करून कोण बघणार? या वेळी खोटी माणसे वेचून काढायची म्हणून तिला एकेक माणूस बघावा लागला, आणि आमची नावे वेचता वेचता तिला उरलेली खरी माणसे दिसली. ती विचित्र वागत होती. पान उघडायची, थोडी खाली जायची आणि थांबायची. हालचाल नाही. मग कितीतरी वेळाने जराशी खाली. पुन्हा थांबायची.

तिच्या मोजणीचे दोन नियम होते. माणूस दहा मिनिटे हलला नाही तर तो गेला असे धरायचे. आणि तोच माणूस त्या दिवशी परत दिसला तर पुन्हा मोजायचा नाही, नाहीतर एकच माणूस दहादा येऊन आकडा फुगवील. दोन्ही नियम चांगले, स्वच्छ. बाकीच्या बावीस पानांना ते बरोबर लागू पडत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाला होते. भाऊजी टेबलावर रेडिओचे पोट उघडून बसले होते. आकडेबाईने सहज विचारल्यासारखे विचारले, “बाबा, समजा एक माणूस तुमचा लेख उघडतो आणि चौथ्या पायरीला दहा-बारा मिनिटं हलतच नाही. म्हणजे काय?”

भाऊजींनी मान वर केली नाही.

“स्क्रू हरवलाय.”

“काय?”

“चौथ्या पायरीला स्क्रू काढायचे असतात. एक खाली पडला. पलंगाखाली गेला. तो शोधतोय.”

“आणि तो नंतर थोडा खाली जाऊन परत थांबतो…”

“हात ग्रीसचे असतील ना त्याचे. फोनला काय लावेल, नाक?” आता त्यांनी मान वर केली. “तुला कोणी विचारलं हे?”

“कोणी नाही,” ती म्हणाली आणि चहात साखर नसताना ढवळत राहिली. मी तिला इतकी वर्षे ओळखते. तिचा चेहरा हिशेब चुकलेल्या माणसाचा झाला होता.

तिने नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही, हे सांगायलाच नको. रविवारी सकाळी तिने प्रयोग मांडला. शिंपीणबाईंचा टेबल फॅन मान वळवत नव्हता. भाऊजींचा त्यावर लेख होता. शिंपीणबाईंनी एकटीने, फक्त लेख वाचून तो दुरुस्त करायचा. इमारत वगळलेली होती म्हणून फोन वाय-फायवरून काढून मोबाइलच्या नेटवर घेतला. आकडेबाई घड्याळ आणि कागद घेऊन कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. मी खुर्चीवर. आणि भाऊजींनी ऐकल्यावर यायचा हट्टच धरला, तेव्हा त्यांना अट घातली: बोलायचे नाही, हात लावायचा नाही.

ते दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले.

शिंपीणबाईंनी प्लग काढला. लेखात सांगितल्याप्रमाणे तो खरंच काढला आहे का हे वाकून पाहिले. मागचे झाकण उघडताना एक स्क्रू उडाला आणि कपाटाखाली गेला. भाऊजींनी माझ्याकडे असे पाहिले की जणू तो स्क्रू त्यांनी स्वतः शिकवून तयार केला होता. शिंपीणबाई पोटावर झोपून फूटपट्टीने तो काढू लागल्या. फोन शिवणयंत्रावर निपचित पडला होता. आकडेबाईने घड्याळ पाहून काहीतरी लिहिले.

“काय लिहितेस?” मी हळूच विचारले.

“आत्ता यंत्राच्या लेखी त्या निघून गेल्या.”

“मी इथंच आहे!” कपाटाखालून आवाज आला.

पुढे जुने ग्रीस पुसायचे होते. शिंपीणबाईंनी भलत्याच चक्राला फडके लावले. भाऊजींचा चेहरा तांबडा झाला. एक हात मांडीखालून अर्धा बाहेर आला.

“बाबा.”

“मी काही बोललो का?”

“श्वास जोरात घेताय.”

“श्वास घ्यायचा नाही असं ठरलं नव्हतं.”

शिंपीणबाईंनी लेख पुन्हा वाचला. “‘हे नव्हे, त्याच्या शेजारचं,’” त्या मोठ्याने म्हणाल्या, “अय्या, यांना कसं कळलं मी हेच पुसणार?” भाऊजींचा हात परत मांडीखाली गेला.

पंचावन्न मिनिटांनी पंख्याने मान वळवली. आम्हा चौघांकडे एकेक करून पाहून तो परत फिरला, आणि शिंपीणबाईंनी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

आकडेबाईने लॅपटॉप उघडून यंत्राची नोंद पाहिली आणि वाचून दाखवली. “वाचक एक. थांबण्याचा वेळ दोन मिनिटं दहा सेकंद. चौथ्या पायरीपर्यंत गेला. कंटाळून परतला. पुढे पाठवले नाही.”

“पुढे कशाला पाठवू?” शिंपीणबाई म्हणाल्या. “माझा पंखा बिघडला हे काय गावभर सांगायचंय?”

इतका वेळ भाऊजींना मजा वाटत होती. आता त्यांनी सुनेकडे नीट पाहिले.

“पोरी, हे सगळं कशासाठी?”

मग तिने सांगितले. शिंपीणबाईंच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून, एकही आकडा न लपवता. तेविसावे पान, तीन महिने, नियम कोणाचा, किती आठवडे उरले. मी खिडकीबाहेर बघत होते. असल्या वेळी माणसाच्या तोंडाकडे पाहू नये असे मला वाटते.

“आठवड्याला किती म्हणालीस?”

“आमची इमारत धरून एक्केचाळीस, बाबा.”

भाऊजींनी दोन्ही हात मांड्यांखालून काढले. पंखा आपला वळतोय.

“एक्केचाळीस माणसं,” ते म्हणाले. “दर आठवड्याला?”

“हो.”

“अगं, दुकानात आठवड्याला तीस आली तर मला जेवायला फुरसत नसायची. एक्केचाळीस! आणि तू सहा महिने मला सांगितलं नाहीस?”

ज्या आकड्याची तिला सहा महिने लाज वाटत होती, तो तिच्या सासऱ्यांच्या डोक्यात जाऊन एका दुकानासमोरची रांग झाला होता.

सोमवारी ती कचेरीत गेली. पुढचे तिने मला सांगितले ते तसेच लिहिते, कारण ती सांगताना शब्द बदलत नाही. तिने तक्ता ठेवला, त्यात भाऊजींचे पान तेविसावेच होते. मग पंचावन्न मिनिटांचा कागद ठेवला, आणि म्हणाली, “माझी मोजणी या पानाला लागू पडत नाही. आधीच्या तीन बंद केलेल्या पानांना पडत होती की नाही, तेही मला परत बघायचंय. पण हे पान माझ्या सासऱ्यांचं आहे, त्यामुळे ते ठेवायचं की नाही हे मी सांगणार नाही.”

संपादकबाईंनी कागद वाचला. आकडेबाईचा असा दावा आहे की त्यांनी तो पूर्ण वाचला.

“नियम तुझाच ना?”

“माझाच.”

“मग सासऱ्यांना वाचवायला मोडतेयस असं लोक म्हणतील.”

“म्हणूनच मी मोडत नाहीये. मी चूक दाखवतेय.”

संपादकबाईंनी थोडा विचार केला. पान बंद नाही, पण फुकटही नाही. तीन महिने आणखी. वेळ आणि पुढे पाठवणे सोडून दुसरे काहीतरी मोजायचे, जे या पानाला लागू पडेल, आणि ते काय हे आकडेबाईने ठरवायचे. तिने एका दिवसात ठरवले. लेखाच्या तळाशी एक प्रश्न: चालू झालं का? खाली दोन बटणे, हो आणि नाही.

भाऊजींनी ते घरी पाहिले आणि पहिल्यांदाच सुनेवर ओरडले.

“आणि ज्यानं ‘नाही’ दाबलं त्याचं काय?”

“त्याचं ‘नाही’ मोजायचं.”

“मोजून? माणूस पंखा उघडून बसलाय, ग्रीसमध्ये हात, आणि आपण त्याला म्हणायचं, आभारी आहोत, आम्ही तुम्हाला मोजलं? पोरी, दुकानातून असं कोणाला परत पाठवतात का?”

ती त्यांच्याशी वाद घालत नाही, त्या दिवशी घातला, अर्धा तास. शेवटी ‘नाही’च्या खाली एक चौकोन आला. काय झालं ते लिहा.

पहिल्या आठवड्यात अठ्ठावीस हो आले, नऊ नाही. नऊच्या नऊ जणांनी लिहिले होते, काहींनी लांबलचक. एका बाईंनी मिक्सरच्या आवाजाचे अक्षरांत वर्णन केले होते, ते भाऊजींनी मोठ्याने म्हणून पाहिले आणि दोन मिनिटांत दोष सांगितला. एकाने कुलूप दुरुस्त करताना स्वतःला आत कोंडून घेतले होते आणि आतूनच लिहिले होते. भाऊजींनी प्रत्येकाला उत्तर दिले. सून टाइप करायची. ज्यांना उत्तर मिळाले त्यांतले सात जण परत आले आणि त्यांनी ‘हो’ दाबले.

तीन महिन्यांनी संपादकबाईंनी पान कायम केले. तक्त्यात ते आजही तळालाच आहे, केस गळणे वरतीच. पण तक्त्याला आता एक नवा रकाना आहे, आणि बाकीचे लेखकही आपल्या पानाखाली काहीतरी विचारावे म्हणून आकडेबाईच्या मागे लागले आहेत. बंद झालेल्या तीन पानांपैकी एक तिने परत चालू करवले आहे. त्या रडलेल्या बाईंचे. बाकीची दोन तिने पुन्हा तपासली आणि बंदच ठेवली. “ती खरंच वाईट होती, काकू,” ती म्हणाली.

आता घरात वेगळीच तक्रार आहे. भाऊजी प्रत्येक ‘नाही’वरून लेख सुधारतात, जिथे माणसे अडतात तिथे आणखी दोन ओळी घालतात. त्यामुळे ‘नाही’ कमी होत चालली आहेत. नऊची सहा झाली, सहाची चार. परवा सोमवारी मी त्यांच्याकडे होते. सून आत आली, पर्स ठेवली, आणि न विचारताच म्हणाली, “बाबा, एक्कावन्न हो. आजवरचे सगळ्यात जास्त.”

“आणि नाही?”

“एक.”

भाऊजींचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“एकच?”

“बाबा, हे चांगलं आहे. यालाच यश म्हणतात. संपादकबाईंनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.”

“तुझ्या संपादकबाईंना काय जातंय? मी आठवडाभर काय करू?”

तिने माझ्याकडे पाहिले. मग तिने पर्समधून घडी केलेले छापील कागद काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले. तोच एक ‘नाही’. शिवणयंत्राची तक्रार होती, साडेतीन पाने, शेवटी हाताने काढलेल्या दोन आकृत्यांचे फोटो. भाऊजींनी ती दिव्याखाली धरली, पहिले पान वाचले, दुसरे वाचले, परत पहिल्यावर आले, आणि खुर्ची टेबलाकडे ओढून म्हणाले, “वा! या बाईंनी तर सगळंच उलटं बसवलंय.”

इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. सून त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती, आणि मला शपथेवर सांगता येईल, ते तिसऱ्या पानावर कधी पोहोचतात हे ती मोजत होती.